परत घेतलेली माफी

साहेबांना माझ्या आईच्या हातचं हितकबेळ्याचं सारू फार आवडायचं, आणि ते त्यांना आवडायचं याचा राग मला अजून येतो. थंडीत बाजारात अवरेकाळूच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा आल्या की आई त्या सोलून दाणे भिजत घालायची आणि दुसऱ्या दिवशी परात पुढ्यात ओढून एकेक दाणा चिमटीत दाबायची. दाणा टुणकन परातीत, साल तिच्या बोटांत; हे सोललेले दाणे म्हणजेच हितकबेळे. सगळं घर त्या हिरव्या, स्वल्प तुरट वासाने भरून जायचं. मग ओल्या खोबऱ्याचं वाटण, वर कढीपत्त्याची फोडणी, आणि सोबत मुद्दा, म्हणजे नाचणीच्या पिठाचा शिजवलेला वाफाळता गोळा. साहेब पाटावर मांडी घालून बसायचे, दोनदा सारू मागून घ्यायचे आणि हात धुताना म्हणायचे, "वहिनी, जेवण उत्तम. पण सारू काय म्हणता हो? आमटी म्हणा. मराठी माणसं ना तुम्ही?" आई ओशाळून हसायची. अण्णा हसायचे. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सारूच म्हणत होते. पण साहेब पुण्याचे, तेव्हा चूक आमचीच असणार, असं आम्ही तिघांनी मनोमन मान्य करून टाकलेलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील. बंगळुरातल्या राजाजीनगरात आमचं घर, त्याची पुढची खोली हेच त्यांचं टेलरिंगचं दुकान. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड, आणि मापं घेताना गिऱ्हाईक बोलेल ती भाषा. माझं सगळं बालपण पायमशिनीच्या आवाजात गेलं. तो आवाज इतका अंगात मुरलेला होता की दुपारी अण्णा जेवायला उठले आणि मशीन थांबलं, की झोपलेली मी दचकून जागी व्हायची. कोळशाची इस्त्री, ओल्या कापडावरून ती फिरताना निघणारी वाफ, भिंतीवरच्या रेडिओतल्या कन्नड बातम्या, कात्रीचा लाकडी फळीवरचा कचकच आवाज. अण्णा कोट फार सुंदर शिवायचे. बाही खांद्याला जोडताना ते श्वास रोखून धरायचे, आणि जोडून झाली की सोडायचे. मी त्यांची एकुलती एक मुलगी. मला शिवता येत नसे, शिकायची इच्छाही नव्हती. मला झाडांची रोगट पानं गोळा करायचा नाद होता. शेजाऱ्यांच्या जास्वंदीचं, देवळापाशच्या बेलाचं, कुणाच्या कढीपत्त्याचं डाग पडलेलं पान दिसलं की मी ते फ्रॉकच्या खिशात घालून आणायची. आई म्हणायची, "लोकांच्या मुली फुलं आणतात, आमची ही रोग घेऊन येते."

साहेब अण्णांचे गिऱ्हाईक. शहराच्या उत्तरेला, येलहंक्याच्या वाटेवर एक शेतकी संशोधन संस्था होती, तिथल्या वनस्पतिरोग विभागाचे ते प्रमुख. त्यांचं नाव मी इथे लिहिणार नाही. भीती म्हणून नव्हे. त्या नावाची पाटी एका सभागृहावर लागलेली आहे, तेवढी जागा त्याला पुष्कळ झाली. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकत होते तेव्हा मापं देता देता त्यांनी माझी चौकशी केली, अण्णांना म्हणाले, "मुलीला पुढे शिकवा, मी आहे." पुढे त्यांनीच मला आपल्या विभागात संशोधन साहाय्यक म्हणून घेतलं. हे उपकार खरे होते. ते नाकारण्याइतकी मी कृतघ्न नाही. पण उपकार करणाऱ्याने ते दर महिन्याला जेवायला येऊन मोजून घ्यायचे नसतात.

हल्ली माझ्या शेजारच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेलं आयटीतलं एक तरुण जोडपं राहतं. चांगली मुलं आहेत. त्यांनी पाहुण्यांना माझी ओळख करून दिली, "या आंटी झाडांच्या डॉक्टर होत्या. रबर प्लांट वगैरे." पाहुणीबाईने लगेच आपल्या बाल्कनीतल्या कुंडीतल्या रबर प्लांटची पानं पिवळी पडतात म्हणून औषध विचारलं. ते शोभेचं झाड वेगळं, माझं झाड वेगळं. माझं झाड चिकाचं, कोकणासारख्या ओल्या डोंगरउतारांवर वाढणारं. ज्याच्या सालीवर पहाटे चर पाडला की पांढरा चीक वाटीत ठिबकतो, आणि ज्यावर केरळातल्या, दक्षिण कन्नडच्या घाटाखालच्या घराघरांची चूल पेटते. त्या झाडाच्या रोगांमध्ये मी उभं आयुष्य घालवलं. पण ते कुठून सुरू झालं हे मला कुणी विचारत नाही, आणि विचारलं तर चहाच्या कपाबरोबर सांगून होण्यासारखं ते नाही.

बंगळुरात रबर होत नाही. हवा थंड, कोरडी. म्हणूनच रबरावरचे रोग मुद्दाम वाढवून पाहायला ही जागा बरी, असा साहेबांचा विचार होता, आणि तो बरोबर होता. विभागाच्या मागे एक काचघर होतं. किनाऱ्यावरून आणलेल्या बिया, एरंडीच्या बीसारख्या ठिपकेदार पण सुपारीएवढ्या, मी तिथे रुजत घातल्या. रोपं गुडघ्याएवढी, मग कमरेएवढी झाली. पावसाळ्यात रबराची हिरवी पानंच्या पानं गळून मळे उघडे पडतात, त्या रोगाची बुरशी मी या रोपांवर सोडून पाहत असे. कुठलं रोप तग धरतं, कुठलं नाही. सकाळी बसने जायचं, काचघराची दारं उघडायची, रोपांना पाणी द्यायचं, पानांच्या पाठी पाहायच्या. त्या ओल्या, कोंदट उबेत माझा चष्मा धुरकटायचा. मी सुखात होते. एवढं निर्भेळ सुख मला पुढे कशानेच दिलं नाही.

रबराचा सगळ्यांत भयंकर रोग मात्र मी कधी पाहिला नव्हता, फक्त वाचला होता. कारण तो आपल्याकडे नाहीच. रबराचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं, आणि तिथे त्याच्या कोवळ्या पानांवर एक करपा पडतो. पान काळवंडून गळतं, झाड नवी पानं काढतं, तीही गळतात, पुन्हा काढतं, पुन्हा गळतात, आणि शेवटी दमून फांद्या वाळायला लागतात. ज्या मुलखात हे झाड जन्मलं, तिथेच या करप्यामुळे त्याचे मोठे मळे उभे राहू शकले नाहीत. आपल्याकडचे मळे टिकले ते केवळ मध्ये समुद्र आहे म्हणून. आणि आपली झाडं मूठभर रोपांच्या वंशातली, एकमेकांची भावंडं. एकाला जे मारील ते सगळ्यांना मारील. म्हणून तिकडची काडी आणायची तर तिसऱ्याच, जिथे रबर नाही अशा देशात ती आधी वाढवायची, कित्येक महिने नजरेखाली ठेवायची, मगच इकडे आणायची, असा नियम. हे सगळं मला साहेबांनीच शिकवलं होतं. त्यांच्यासारखं शिकवणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही, हेही लिहून ठेवते, कारण राग आला तरी खोटं लिहायचं नाही.

साहेब एका परिषदेसाठी ब्राझीलला जाऊन आले. परतल्यावर दुसऱ्याच दिवशी त्यांनी मला काचघरात बोलावलं. टेबलावर ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या, दोन्ही टोकांना मेण लावलेल्या, वीतभर लांबीच्या हिरव्या काड्या मांडलेल्या होत्या. साहेबांचे डोळे लहान मुलासारखे चमकत होते.

"ओळख बघू, शारदे."

मी पाहिलं. पानांचे देठ कापल्याच्या खुणा, प्रत्येक खुणेवर झोपलेला डोळा. "रबर," मी म्हणाले. "कुठलं, सर?"

"जंगलातलं. तिथल्या माणसांनी दाखवलेलं झाड. चीक असा वाहतो की वाटी पुरत नाही. तुझ्या रोपांवर याचे डोळे भरून कलमं करायची. आजच."

"पण सर, क्वारंटाइन कुठे झालं?"

ते हसले. "इथे होणार. बंगळुरात. मला इथे आसपास रबराचं एक तरी झाड दाखव. आहे? मग रोग जाईल कुठे?"

"आणि रोपं वाढल्यावर?"

"पावसाळा संपला की किनाऱ्यावर नेऊ."

"म्हणजे काही महिन्यांत. आणि विमानतळावर कुणी...?"

त्यांनी अंगातल्या कोटाचं डावं अंग उघडून दाखवलं. अस्तराला आतून एक लांब, अरुंद खिसा होता, काखेपासून कमरेपर्यंत. जाण्याआधी त्यांनी तो मुद्दाम सांगून शिवून घेतला होता; नकाशे गुंडाळून ठेवायला हवा म्हणाले होते. अण्णांनीच शिवला होता. इतका बेमालूम, की बाहेरून कोटाची एक सुरकुती हलत नव्हती. साहेब कौतुकाने म्हणाले, "तुझ्या वडिलांच्या हाताला तोड नाही."

मला त्या क्षणी काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. मी 'बरं' म्हणाले आणि ते गेल्यावर भिंग काढलं. एका काडीवर, देठाच्या खुणेजवळ, एक काळसर खरखरीत ठिपका होता. तो घासल्याचा डाग असू शकत होता. तिथल्या हजार बुरश्यांपैकी कुठलीही निरुपद्रवी बुरशी असू शकत होती. मी तो खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. काचेवर तुटके तंतू आणि एकदोन मोडके बीजाणू दिसले. पुस्तकातल्या चित्राशी ताडून पाहिले. जुळतात म्हणावं तर जुळत होते, नाही म्हणावं तर नव्हते. मी धावत हनुमंतय्या सरांकडे गेले. विभागात साहेबांच्या खालोखाल तेच, आणि बुरशी ओळखण्यात साहेबांपेक्षा सरस. मी सगळं सांगितलं आणि म्हटलं, "सर, तुम्ही फक्त एकदा बघा."

त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला. पुसत राहिले.

"नोडम्मा, असं बघ," ते सावकाश म्हणाले, "मी बघितलं तर मला दिसेल. म्हणून मी बघत नाही."

मी त्यांच्या दारात उभी राहिले, ते काहीतरी पुढे बोलतील म्हणून. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पुढ्यातली फाइल उघडली. या माणसाने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नाही, असं त्यांच्या निधनानंतर सगळे म्हणाले. खरं आहे. त्यांनी काहीच केलं नाही.

दुपारच्या जेवणाला सगळे गेले तेव्हा मी त्या काड्या, ते शेवाळ, तो वर्तमानपत्राचा कागद, टेबलावर अंथरलेलं फडकं, सगळं एका पिशवीत बांधलं आणि ऑटोक्लेव्हमध्ये घातलं. ऑटोक्लेव्ह म्हणजे प्रयोगशाळेतला मोठा प्रेशर कुकरच. वाफेच्या दाबाखाली त्यात जिवंत काही उरत नाही. मग ती शिजलेली लगदा-लाकडं मागच्या भट्टीत जाळली. माझे हात फार व्यवस्थित चालत होते, अण्णांचे बाही जोडताना चालतात तसे. मला त्या झाडाचं वाईटही वाटत होतं. कुठल्या तरी अफाट जंगलातलं ते झाड, कदाचित खरंच अमृतासारखा चीक देणारं, आणि मी त्याचे झोपलेले डोळे उकळून मारले होते.

साहेब ओरडले नाहीत. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. ते रिकाम्या टेबलाकडे पाहत राहिले, मग माझ्याकडे. मराठीत, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "शिंप्याच्या पोरीला मी माणसात आणलं." एवढंच. नंतर ते गेले.

इथून पुढचं मला आठवलं की माझं रक्त अजून तापतं. साहेबांना मला मी केलेल्या गोष्टीची शिक्षा देता येईना. काड्या जाळल्या म्हणायचं तर काड्या आणल्या कुठून हे सांगावं लागलं असतं. म्हणून त्यांनी मला न केलेल्या गोष्टीची शिक्षा दिली. आठवड्याभरात त्यांनी जाहीर केलं की शारदाच्या निष्काळजीपणामुळे काचघरातली रोपं दूषित झाली आहेत, सगळी उपटून टाकावी लागतील. मी सकाळी पोहोचले तेव्हा मजूर रोपं उपटत होते. माझ्या हातची, बीपासून वाढवलेली, कमरेएवढी रोपं. ज्यांनी बुरशीपुढे तग धरला होता तीही. तुटलेल्या देठांतून चीक गळून फरशी पांढरी झाली होती. मी ओरडले, "ही निरोगी आहेत, बघा तरी!" मजूर बिचारे थांबले, त्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब म्हणाले, "चालू द्या." मग मला सांगण्यात आलं की सगळ्या विभागासमोर निष्काळजीपणाची कबुली देऊन माफी मागितली तर माझी जागा राहील. नाहीतर नाही.

त्या संध्याकाळी जेवताना मी घरी सगळं सांगितलं. आई वाढता वाढता थांबली. अण्णा जेवत राहिले, पण मी खिशाचं बोलले तेव्हा त्यांचा हात ताटातच राहिला.

"त्या खिशातून?" त्यांनी विचारलं.

"त्याच."

त्यांनी कालवलेला घास सोडून दिला. मग म्हणाले, "मला नकाशे म्हणाले होते."

"तुमची काय चूक, अण्णा."

"माफी मागून टाक," ते म्हणाले. "स्वल्प खाली वाकलं तर कंबर मोडत नाही."

"मी निष्काळजी नव्हते. मीच एकटी काळजी घेत होते!"

"सरी, सरी, कबूल. पण माग."

मी ताटावरून उठले. आमच्या घरात तोवर भरल्या ताटावरून कुणी उठलं नव्हतं. आई म्हणाली, "अगं, अन्नाचा काय दोष?" पण मला त्या घासाचीच चीड आली होती. साहेबांनी याच पाटावर बसून याच ताटात खाल्लं होतं.

मी कामाला जाणं थांबवलं नाही. माफीही मागितली नाही. रिकाम्या काचघरात जाऊन बसायची, रिकाम्या कुंड्या धुवायची. कुणी माझ्याशी बोलत नसे. एक दिवस साहेब व्हरांड्यात समोर आले आणि पहिल्यासारखे प्रसन्न हसले. "झालं गेलं विसरून जाऊ आपण. तुझ्या वडिलांनी माझ्या घरी येऊन तुझ्यासाठी माफी मागितली. हात जोडले बिचाऱ्यांनी. वर हा कोट आणून दिला. मोठ्या मनाचा माणूस." त्यांनी अंगातल्या नव्या, राखाडी कोटाची बाही माझ्यासमोर धरली. त्या बाहीची जोड मी ओळखली. चार दिवस अण्णा दुकानात त्याच राखाडी कापडावर वाकलेले मी पाहिले होते. कुणासाठी, हे मी विचारलं नव्हतं, कारण मी त्यांच्याशी बोलत नव्हते.

माणसाला राग येतो तेव्हा डोळ्यांपुढे लाल होतं म्हणतात. माझ्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख झालं. चहाची वेळ होती. विभागाची सगळी माणसं लांब टेबलाभोवती बसलेली होती. हनुमंतय्या सर, कारकून, विद्यार्थी, सगळे. मी साहेबांच्या मागोमाग आत गेले आणि दारातच उभी राहून म्हणाले, "माझ्या वडिलांनी तुमच्या घरी येऊन माझ्या नावाने माफी मागितली. ती माझी नव्हती. ती मी परत घ्यायला आले आहे."

कुणीतरी कप बशीवर ठेवला.

मग मी सगळं बोलले. कन्नडमध्ये बोलले, कारण तिथल्या प्रत्येकाला ते कळायला हवं होतं. काड्या कुठून आल्या, कशातून आल्या, त्यावर मला काय दिसलं, काय दिसलं नाही, मी त्यांचं काय केलं. "माझी चूक असेल तर ती हीच," मी म्हटलं, "आणि हीच चूक मी उद्याही करीन. रोपं निरोगी होती. ती यांनी मारली." मग मी हनुमंतय्या सरांकडे वळले. "सर, मी तुमच्याकडे आले होते की नाही?"

ते चहाकडे बघत होते. चहावर साय धरली होती. ती त्यांनी चमच्याने एका बाजूला केली.

साहेब उठले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, कीव होती, आणि ती कीव मी त्यांना कधीही माफ करणार नाही. "हिची तब्येत बरी नाही," ते सगळ्यांना म्हणाले. "कुणीतरी हिला घरी पोहोचवा." लोकांनी माना हलवल्या. एका क्षणात मी खरं बोलणारी राहिले नव्हते. डोकं फिरलेली मुलगी झाले होते. मी म्हटलं, "मला रस्ता माहीत आहे. तो कोट तेवढा काढून द्या." कुणीतरी हसलं. साहेबांनी कोट काढला नाही.

पुढे काय झालं ते थोडक्यात सांगते. माझी जागा गेली. साहेबांना मानसन्मान मिळाले, ते निवृत्त झाले, त्यांच्या नावाची पाटी लागली. तो करपा आजवर आपल्या देशात आलेला नाही. माझ्यामुळे, असं मी म्हणू शकत नाही, कारण त्या काड्यांवर तो होता की नव्हता हे मला माहीत नाही, आणि आता कुणालाच कळणार नाही. चांगलं काम केल्याचा पुरावाच उरत नाही असं काम मी केलं. माझ्या निवृत्तीच्या दिवशी ही हकीकत ऐकून एका तरुण सहकाऱ्याने मला विचारलं, "मॅडम, समजा तो साधा ओरखडा असता तर? एक उत्तम वाण आपण गमावला असता." मी म्हटलं, "हो, गमावला असता." त्याला वाटलं मी खजील झाले. मी खजील झाले नव्हते. मी त्याच्याकडे पाहून एवढाच विचार करत होते, की याच्या हाती काड्या आल्या तर हा काय करील.

हनुमंतय्या सर महिन्याभराने आमच्या घरी आले. सफारी सूटचं माप द्यायच्या निमित्ताने. अण्णा माप घेत असताना ते माझ्याकडे न बघता म्हणाले की केरळात डोंगरातल्या एका रबर संशोधन केंद्राला रोगांवर काम करणारं माणूस हवंय, त्यांनी माझं नाव कळवलं आहे, तिथला प्रमुख भला माणूस आहे. मी आभार मानले नाहीत. खरं बोलायच्या वेळी तोंड मिटायचं आणि मग मागच्या दाराने भाकरी आणून द्यायची, हा चांगुलपणा मला नको होता. पण रबर हवं होतं. म्हणून मी गेले.

जाण्याच्या आदल्या दिवशी अण्णा आणि मी प्रथमच भांडलो. तोवर फक्त अबोला होता. मी विचारलं, "कशाला गेलात त्यांच्याकडे? कशाला हात जोडलेत?"

"खिसा कुणी शिवला विचारलं असतं तर?" ते म्हणाले. "पोलीस आले असते तर कुणाच्या दारात आले असते? त्यांच्या?"

"म्हणजे स्वतःसाठी गेलात."

"सगळ्यांसाठी गेलो. तुझी जागा राहावी म्हणून गेलो. मी माझी मान वाकवली, तुझी नाही."

"नाव माझं घेतलंत!"

"मुलीचं नाव बापाने घ्यायचं नाही तर कुणी?" त्यांचा आवाज चढला. "तू खरी आहेस हे मला माहीत नाही का? पण खरं असणं तुला परवडतं. तू इथून जाशील. मला याच रस्त्यावर, याच लोकांचे कपडे शिवत मरायचं आहे."

आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा मोठी आहे. या वयात माणूस म्हणतो, आता समजतं, बिचारे घाबरले होते. मला समजतं. ते घाबरले होते. पण समजलं म्हणून राग जातो असं नाही. त्यांनी मला हात जोडायला लावले असते तर मी जोडले नसते. म्हणून त्यांनी माझ्या वतीने स्वतःचे जोडले, आणि ते हात मला आजही दिसतात. सुई धरून टोकं निबर झालेले, एकमेकांवर जुळलेले, साहेबांच्या दिवाणखान्यात. मी तिथे नव्हते, तरी दिसतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने चित्रान्नाचा डबा बांधून दिला. भातावर लिंबू जास्त पिळलेलं, बसमध्ये मळमळू नये म्हणून. तिने देवापुढे मला वाकायला लावलं, कपाळाला कुंकू लावलं, आणि पिशवी उचलून रिक्षापर्यंत यायला निघाली. पुढच्या खोलीत अण्णा मशीनवर बसले होते. पाय हलत होते, मशीन चालू होतं, पण सुईखाली कापड नव्हतं. मी पाहिलं. मी त्यांच्या पाया पडले नाही. उंबऱ्यात थांबून म्हणाले, "मी जाते."

आमच्यात घराबाहेर पडणाऱ्याने असं म्हणायचं नसतं. परत येणारं माणूस येते म्हणतं. आई जागच्या जागी थबकली. तिने माझं मनगट धरलं.

"येते म्हण गं," ती म्हणाली. "शारदा, येते म्हण."

मशीन थांबलं. अण्णांनी मान वर केली नाही, पण ते ऐकत होते, मी काय म्हणते ते ऐकायलाच त्यांनी पाय थांबवले होते.

"जाते," मी म्हणाले, आणि गेले.